सोमवारची हजेरी

माझे पती रविवारी गेले. जेवून उठले, हात धुतले, खुर्चीत बसून बडीशेप चघळत होते. मी ओटा पुसून बाहेर आले तेव्हा मान एका बाजूला पडली होती. वय सदतीस. आमची सहा वर्षांची मुलगी शेजारच्या क्वार्टरमध्ये खेळत होती आणि सासूबाई आतल्या खोलीत झोपल्या होत्या. झाशीतल्या एका सरकारी कचेरीत ते कारकून होते आणि आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. खातं कोणतं ते सांगत नाही. त्या कचेरीतल्या माणसांनी माझं वाईट कधीच चिंतलं नाही, आणि मला सांगायचं आहे ते त्यांच्या चांगुलपणाबद्दलच आहे.

नियमाप्रमाणे त्यांच्या जागी मला नोकरी मिळणार होती. मला ती नको होती. माझं माहेर अमरावतीचं, शिक्षण बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला सुटलेलं, हिंदी भाजी घेण्यापुरतं. मला अमरावतीला परत जायचं होतं, पण तिथे भाऊ-भावजय होते आणि त्यांच्या पत्रांमध्ये "येऊन जा" असं असायचं, "ये" असं नसायचं.

"तू नोकरी घेतली नाहीस तर क्वार्टर खाली करावं लागेल," सासूबाई म्हणाल्या. त्यांचं घराणं सात-आठ पिढ्या झाशीत राहिलेलं. मराठीत हिंदी कधी मिसळलं ते त्यांना स्वतःलाही कळत नसे. "माझी फिकीर करू नकोस. पण या पोरीला घेऊन कुठे भटकशील? जरा हिंमत कर."

कागद फिरायला दहा महिने लागले. मग हुकूम आला. रुजू व्हायचा दिवस सोमवार होता.

मी आत पाऊल टाकलं तशी खोलीतली सहाही माणसं उठून उभी राहिली. सगळ्यांत आधी उठले ते हेडक्लार्क. त्यांना सगळे बड़े बाबू म्हणत. पन्नाशी ओलांडलेले, जाड भिंगांचा चष्मा, पानानं रंगलेले ओठ. माझे पती त्यांच्या हाताखाली बारा वर्षं होते.

"आइए भाभीजी. इसे अपना ही घर समझिए," ते म्हणाले.

त्यांनी मला खिडकीजवळची खुर्ची दिली. कूलरची हवा तिथे नीट येत असे. समोर दारापासून तिसरं टेबल होतं. ते कोणाचं होतं हे कोणी सांगितलं नाही, पण सगळ्यांनी एकदम तिकडे बघणं टाळलं, त्यावरून कळलं. आता तिथे नवीन माणूस बसत होता. त्याची पिशवी खिळ्याला टांगलेली होती. मी अर्ध्या तासानं विचारलं, "मेरा काम क्या है?"

"अरे भाभीजी, काम तो होता रहेगा. आप आराम से बैठिए."

मी बसले. त्या दिवशी जी बसले ती पुढे दीड वर्ष बसूनच होते.

काम न करता आठ तास बसणं किती अवघड असतं, ते मी कुणाला सांगितलं तर लोक हसतात. सुरुवातीला मी वहीच्या शेवटच्या पानावर हिंदी शुद्धलेखन गिरवायची. मग तेही सोडलं. माझ्या वाट्याचं काम बाकीच्यांनी आपसात वाटून घेतलं होतं आणि त्याबद्दल एक अवाक्षर काढलं नव्हतं. मी आले की त्यांच्या थट्टा थांबत. कोणी शिवी देता देता जीभ चावे. बड़े बाबू एकदा म्हणाले, "घर से ऊन ले आया कीजिए. स्वेटर-वेटर बुनिए, मन लगा रहेगा." मी लोकर नेली नाही. नेली असती तर मी तिथे कोण आहे हे कायमचं ठरून गेलं असतं.

सगळ्यांत वाईट सोमवार. रविवारच्या सुट्टीनंतर प्रत्येकजण येऊन विचारायचा, बिटिया कैसी है, अम्माजी की तबीयत कैसी है. मग एकेकाला माझ्या पतींची एकेक आठवण यायची. भैया समोसे कसे मागवायचे, भैयांनी साहेबांना कसं गप्प केलं होतं. मी मान हलवत ऐकायची. बुधवारपर्यंत त्यांच्याजवळचं बोलणं संपायचं, ते मला विसरायचे, आणि मला जरा श्वास घेता यायचा. पुढच्या सोमवारी पुन्हा सगळं पहिल्यापासून सुरू. त्यामुळे रविवारी दुपारी चार वाजले की माझ्या पोटात कालवायला लागायचं. त्याच दिवशी, त्याच सुमाराला ते गेले होते. त्यांच्यासाठी रडावं तर डोक्यात दुसऱ्या दिवशीची खुर्ची येऊन बसायची. नीट शोकही करता येत नव्हता.

सोमवारी पहाटे कॉलनीतल्या बायका पाण्याचे लोटे आणि बेलपानं घेऊन शंकराच्या देवळात जायच्या. खिडकीतून त्यांच्या बांगड्या ऐकू यायच्या. लग्नाआधी मीही सोळा सोमवार केले होते, साग्रसंगीत उद्यापन करून. मी खिडकी लावून घ्यायची.

मग मी सोमवारी आजारी पडायला लागले. आधी महिन्यातून एकदा, मग दोनदा. डोकं, ताप, कंबर. शिपायाच्या हाती चिठ्ठी पाठवली की झालं. कोणी कारण विचारत नसे. मला वाटायचं, कोणाचं काय बिघडतंय.

बिघडत होतं ते घरातच. एका सोमवारी सकाळी मुलगी अंथरुणातून उठेना. "मम्मी, पेट दुखतंय." मी ओवा दिला, झोपू दिलं. पुढच्या सोमवारी पुन्हा. मग डोकं. दिवाळीनंतर तिच्या शाळेतून चिठ्ठी आली की विद्यार्थिनी बहुतेक सोमवारी गैरहजर असते, पालकांनी येऊन भेटावं. चिठ्ठी सासूबाईंनी वाचली आणि घडी घालून माझ्यासमोर ठेवली.

"हे तुला बघून शिकली ती," त्या म्हणाल्या.

"आई, तिचं पोट खरंच दुखतं."

"खरंच दुखत असेल. तुझंही खरंच दुखतं. मी काय खोटं म्हणते का? पण या घरात एकीनं पडून राहावं, दोघींनी नाही. माझा मुलगा गेला तरी मी पहाटे उठून दूध घेतेच ना?"

त्यांनी मला कधी टोचून बोललेलं मला आठवत नाही. तेवढं एकदाच. त्या रविवारी रात्रभर मी जागी होते, पण सकाळी उठले. मुलीच्या दोन वेण्या घातल्या, तिला शाळेपर्यंत नेलं. फाटकाशी तिनं माझा पदर मुठीत घट्ट धरला. तिची बोटं मला एकेक करून सोडवावी लागली. ती रडत आत गेली आणि मी कचेरीच्या रस्त्याला लागले.

चौकापर्यंत गेले. तिथून उजवीकडे वळायचं होतं. मी वळले नाही, सरळ स्टेशनकडे चालत गेले. काही ठरवलं नव्हतं. फलाटावर एक पॅसेंजर उभी होती. पुढे कोणतं स्टेशन आहे ते विचारलं आणि बबीनाचं तिकीट काढलं. इतकं मात्र आठवतं की गाडी हलली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं नाही. काहीच वाटलं नाही.

बबीना म्हणजे छावणी. फलाटावर फौजी, त्यांच्या काळ्या ट्रंका, होल्डॉल. थंडीचे दिवस होते. उन्हातल्या बाकावर जाऊन बसले, शाल घट्ट ओढून घेतली, मांडीवर डबा. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक तरुण बाई ट्रंकेवर पाय ठेवून बसली होती. माझ्याकडे दोनदा बघून तिनं विचारलं, "ताई, तुम्ही मराठी हाय का?"

मी दचकले. "हो. कशावरून?"

"पिशवीवर लिवलंय न्हवं," ती म्हणाली. माझ्या पिशवीवर अमरावतीच्या कापड दुकानाचं नाव होतं. ती साताऱ्याकडची, फौजीची बायको. नवरा सरहद्दीवर गेला होता, ती गावाकडे निघाली होती. तिला गाडीत बसवून द्यायला आलेला नवऱ्याचा मित्र चौकशी करायला गेला होता आणि गाडी तीन तास लेट होती. कितीतरी दिवसांनी मराठी बोलणारं माणूस मिळालं म्हणून ती भरभरून बोलत होती. मग म्हणाली, "तुम्ही कुणाला न्यायला आलायसा?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "माझे मिस्टर येणार आहेत."

"कंच्या गाडीनं?"

"दुपारच्या."

एकदा बोलल्यावर मला थांबता येईना. ते दौऱ्यावर गेलेत, महिना झाला, मुलगी वाट बघते आहे, असं मी सांगत गेले. सांगताना बरं वाटत होतं, याची मला आजही लाज वाटते. डबा उघडला, तिला पोळी-भाजी दिली. तिनं मला शेंगदाण्याची चटणी दिली. ऊन चढलं. एक गाडी आली, माणसं उतरली, फलाट रिकामा झाला. "ह्यात न्हवते व्हय," ती म्हणाली. मग दुसरी आली. ती उठून उभी राहिली आणि माझ्या वतीनं डब्यांमागून डबे बघत राहिली. तिला काय शोधायचं होतं, कसा माणूस, काही माहीत नव्हतं. मी बसूनच होते.

ती परत येऊन बसली तेव्हा उन्हामुळे सैल सोडलेली माझी शाल खांद्यावरून खाली घसरली होती. सासूबाईंच्या आग्रहाखातर मी काळी टिकली लावायची, पण गळ्यात काही नव्हतं. तिनं माझ्या गळ्याकडे पाहिलं. मी पाहिलं की तिनं पाहिलं. शाल वर ओढायला माझा हात गेला आणि अर्ध्यातच थांबला.

तिनं डब्याचं झाकण लावून तो माझ्या पिशवीत ठेवला. मग हळूच म्हणाली, "गाडी चुकली असंल त्यांची."

"हो," मी म्हटलं. "चुकली असेल."

"घरात कोण हाय तुमच्या?"

"मुलगी आहे. सासूबाई आहेत."

"मग जावा ताई तुम्ही. लेकरू साळंतनं यायची येळ झाली."

तिनं झाशीकडे जाणारी गाडी कधी आहे ते स्वतः जाऊन विचारून आणलं. मला डब्यात चढवून दिलं. ती खिडकीशी उभी होती, पण गाडी सुटताना तिनं हात हलवला नाही आणि मीही हलवला नाही. संध्याकाळी रोजच्याच वेळेला मी घरी पोचले. मुलगी म्हणाली, "मम्मी, मी पूरा दिन रोई नहीं. तू ऑफिसात काय केलं?"

"काम केलं," मी म्हणाले.

एरवी शिपाई बोट ठेवील तिथे मी न बघता सही करायची; त्या मंगळवारी कचेरीत जाऊन हजेरीपट स्वतः उघडला. आदल्या दिवशीच्या चौकटीत काही नसणार, नाहीतर लाल फुली असणार, असं वाटत होतं. तिथे माझी सही होती.

ती माझी नव्हती. माझ्यापेक्षा सुबक होती. शेवटच्या अक्षराखाली मी एक रेघ ओढते, तीही ओढलेली होती, नेमकी तेवढीच लांब. कोणीतरी मन लावून केली होती. मी मागची पानं उलटली. मी चिठ्ठी पाठवलेल्या सोमवारीसुद्धा तशीच सही. चिठ्ठ्या बहुधा पुढे गेल्याच नव्हत्या. त्या खोलीत मी आले काय, न आले काय, सारखंच होतं. काल मी कुठल्या फलाटावरून खाली पडले असते, तरी कागदावर मी कचेरीत हजर होते. मी टेबलाला धरून उभी राहिले.

"बड़े बाबू, कल मैं नहीं आई थी," मी म्हणाले.

"हाँ हाँ, कोई बात नहीं."

"यह किसने किया?"

एकजण पेनचं टोपण उघडायला आणि बंद करायला लागला.

"भाभीजी, आपकी छुट्टियाँ कट जातीं," बड़े बाबू मऊ आवाजात म्हणाले. "सबने सोचा, इतना तो हम कर ही सकते हैं. भैया के लिए."

"काट दीजिए. मेरी गैरहाज़िरी लगाइए."

"अरे, क्या फ़र्क़ पड़ता है..."

"पड़ता है."

त्यांचा चेहरा उतरला. "का हो गओ भाभीजी?" असं ते तिथल्या बुंदेली बोलीत म्हणाले. घरच्या माणसांशी बोलताना ते बुंदेलीत शिरत. "हमने आपका कुछ बुरा किया?"

नाही, असं मला म्हणायचं होतं. बरंच काही म्हणायचं होतं, पण माझं तुटपुंजं हिंदी ऐन वेळी मला सोडून गेलं. मी मराठीतच बोलले. "मला काम द्या. काहीतरी काम द्या हो मला. मी इथे बसून बसून मरून जाईन." शब्द कोणाला कळले नसतील, पण सगळे खाली बघत होते. बड़े बाबू पुन्हा "भैया होते तो..." असं सुरू करणार तोच मी म्हटलं, "वो नहीं हैं. वो नहीं हैं, बड़े बाबू." त्या खोलीत हे वाक्य तोपर्यंत कोणीच उच्चारलं नव्हतं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. लाल पेन घेतलं आणि ती सही खोडून चौकटीत गैरहजेरीची खूण केली. मग माझ्याकडे न बघता शिपायाला म्हणाले, "डाक का रजिस्टर इनकी मेज पर रख दो."

इथून पुढे सगळं छान झालं असं मी लिहिलं, तर ते खोटं होईल. आलेली पत्रं नोंदवायची, जाणाऱ्यांवर पत्ता घालून क्रमांक टाकायचा, एवढंच काम. तेही मला धड जमेना. घाईत लिहिलेलं हिंदी वाचताना अडखळायची. ज्याच्याकडे आधी हे काम होतं तो समजावून सांगायचा, पण त्याच्या आवाजात आता पहिल्यासारखा गोडवा नव्हता. महिन्याभरानं मी मऊरानीपूरचं पत्र चिरगावच्या पाकिटात घातलं आणि चिरगावचं मऊरानीपूरच्या. दोन्ही शेरे मारून परत आली, तीही सोमवारी सकाळी.

बड़े बाबू माझ्या टेबलाशी आले आणि पाकिटं आपटली. "देखकर काम नहीं होता? ऊपर जवाब मुझे देना पड़ता है!"

ओरडून झाल्यावर आपण कोणावर ओरडलो ते त्यांच्या लक्षात आलं आणि ते कसनुसे झाले. माफी मागणार असं दिसलं तशी मी घाईनं म्हणाले, "गलती मेरी है. आज ही दोबारा भेजती हूँ."

पत्ते पुन्हा घातले. अक्षरं वेडीवाकडी येत होती. त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला होता. बाहेर पाण्याच्या माठाजवळ जाऊन मी रडले, आणि रडता रडता लक्षात आलं की आज सकाळपासून मला कोणी माझ्या पतींची आठवण सांगितली नव्हती. आनंद झाला असं नाही. त्या खोलीतून ते आता खरोखर गेले होते, आणि त्यांना घालवलं मी होतं.

रविवारी दुपारचं ते पोटातलं कालवणं पुढेही थांबलं नाही. फक्त आता त्याला विषय असायचा. अमुक पत्र राहिलंय, तमक्याचा क्रमांक चुकला असेल तर उद्या बोलणी बसतील. आधी मला सोमवारचं भय वाटायचं ते त्यात काहीच नसायचं म्हणून. आता वाटायचं ते चुकेन म्हणून. या दुसऱ्या भयासोबत अंथरुणातून उठता येत होतं, एवढाच काय तो फरक. सोमवारची सुट्टी मी त्यानंतर घेतली नाही. मुलीचं पोट मात्र आणखी वर्षभर दुखत राहिलं, आणि दर सोमवारी मी फाटकाशी तिची बोटं सोडवत राहिले.

बड़े बाबूंनी मला परत कधी भाभीजी म्हटलं नाही. "मैडम" म्हणू लागले. माझी चूक झाली की सगळ्यांसारखंच मलाही बोलत, आणि बिटियाची चौकशी त्यांनी कायमची सोडली. ते माझ्यावर रागावले नव्हते. दुखावले होते. एका भल्या माणसाला मी त्याच्या भलेपणाबद्दलच चारचौघांत जाब विचारला होता. दुसरं काय करायला हवं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. शनिवारी निरोपाचा कार्यक्रम झाला. हार, समोसे, साहेबांचं भाषण. निघताना सगळ्यांशी गळाभेट करून ते माझ्यासमोर येऊन थांबले.

"मैडम, आपने उस दिन ठीक किया था कि नहीं, हम आज तक सोचते हैं," ते म्हणाले.

"मीही," मी म्हणाले. मग हिंदीत, "मैं भी."

त्यांनी हात जोडले आणि काठी टेकत पायऱ्या उतरून गेले.

सोमवारी मी वेळेवर पोचले. नवे हेडक्लार्क अजून यायचे होते. बाकीचे आपापल्या कामाला लागले होते आणि कोणी मान वर करून पाहिलं नाही. दोन दिवसांची डाक साचली होती. मी पाकिटं कापली, पत्रं तारखेप्रमाणे लावली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत नोंदवत बसले.